प्रश्न आईला विचारला होता

अन्याय झाला तो इंदूवर, म्हणजे माझ्या आईवर. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, पालघरच्या एका खासगी दवाखान्यात. ती डॉक्टरांच्या समोरच्या स्टुलावर बसली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून विचारलं, "डोकं कधीपासून दुखतं?"

उत्तर मी दिलं. "पाच वर्षांपासून. कंपनीच्या वासामुळे."

आईने बोलायला तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं. डॉक्टरांनी मी सांगितलं तेच कागदावर लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्याचंही उत्तर मीच दिलं. तो प्रश्न कोणता, ते पुढे सांगते. तो जास्त वाईट आहे.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते आहे. पत्रकाच्या पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला, कुठे आणि कधी, हे यायला हवं. दुसऱ्या ओळीत तो कोणी केला ते. इतरांच्या बाबतीत मी ही दुसरी ओळ लिहिताना कधी कचरले नाही, तेव्हा इथेही लिहिते. मी केला. डॉक्टरांनी मला करू दिला.

फुलं माळून दवाखान्यात

आम्ही सालवडला राहतो. आईचं माहेर एडवण. बाबा होडी सोडून बोईसरला कंत्राटी कामाला लागले, मी आठवीत असताना वारले, आणि आई कापडाच्या एका कंपनीत घडी-पॅकिंगला जाऊ लागली. आमच्या भागात वास असतो. कधी कुजक्या अंड्याचा, कधी जळक्या प्लास्टिकचा, कधी गोडसर, आणि तो गोडसर सगळ्यांत वाईट. वास खोटा नाही. हे आधीच ठणकावून सांगते, कारण माझा हा मजकूर कोणीतरी कंपनीवाला खिशात घालून फिरेल आणि म्हणेल, बघा, पोरगी स्वतःच कबूल करते. मी वासाबद्दल काहीही मागे घेत नाही. मी आईबद्दल बोलते आहे.

आईचं डोकं दुखणं हे आमच्या घरात पाण्याच्या वेळेसारखं होतं. आलं की आलं. ती कपाळाला सुंठ उगाळून लावायची, वर फडकं करकचून बांधायची आणि मोरीशेजारच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडायची. दोनदा-तीनदा उलटी. मी शाळेतून आले की दप्तर आवाज न करता ठेवायचे. कोणी विचारलं तर सांगायचं, आईला पित्त झालंय. वास वाढला त्याला पाच वर्षं झाली होती, म्हणून पुढे पित्त सोडून मी दुखण्यालाही पाचच वर्षं दिली.

दवाखान्यात मात्र ती त्या दिवशी जात नसे. त्या दिवशी तिला रिक्षाचा हादरा सोसत नाही, उजेड सोसत नाही, शेजारी बसलेल्या माणसाच्या डोक्याचं तेलसुद्धा सोसत नाही. ती जायची दोन दिवसांनी, दुखणं ओसरल्यावर. आणि जाताना सुंठ घासून धुवायची, ठेवणीतली साडी नेसायची, पदराला पिन लावायची, केसांत अबोली माळायची. तिच्या माहेरी सगळ्याच बायका असं करतात. डॉक्टर म्हणजे मोठा माणूस, त्याच्यापुढे मळकं कसं जायचं? मी एकदा म्हटलं होतं, आई, आपण आजारी म्हणून चाललोय. ती म्हणाली, "आजारी हाय म्हणून काय भिकारीन दिसू?"

तर त्या दिवशीही ती अशीच नटून बसली होती. डॉक्टर तिला बघून म्हणाले, "काय ताई, इथून परस्पर लग्नाला जाणार का?"

कंपाउंडर हसला. आई पण हसली, कारण मोठ्या माणसाने विनोद केला की हसायचं असतं. मला राग आला. पण तो राग मी तिच्यासाठी वापरला नाही. मला डॉक्टरांकडून एक कागद हवा होता, ज्यावर डोकेदुखी आणि कारखाना हे दोन शब्द एकत्र असतील. म्हणून मी तिच्या आधी बोलले, भराभर बोलले आणि कागद मिळवला. आम्ही आत होतो चार मिनिटं. त्यांतली साडेतीन मी बोलत होते.

एक ओळ मी काढली

दिवाळीच्या आधी पत्रक निघालं. वर आईचा फोटो, डोक्याला फडकं बांधलेला. तो मी घरात, तिच्या दुखण्याच्या दिवशी काढला होता. तिने हात आडवा केला होता. मी म्हटलं, आई, हे सगळ्या बायकांसाठी आहे. तिने हात खाली घेतला.

पत्रकासाठी मी तिची मुलाखतही घेतली होती, फोनवर रेकॉर्ड करून. त्यात एक वाक्य होतं. "माजं तर पयल्यापासून हाय गो. एडवणला होते तेवापासून." ते मी काढलं. का काढलं, तर त्याने मुद्दा कच्चा होत होता. एडवणला समुद्राची हवा, तिथे कसली कंपनी? मला वाटलं, तिला नीट आठवत नाही. मला वाटलं, एवढ्या मोठ्या प्रश्नात एवढं वाक्य कोण विचारतंय.

पत्रक कंपनीच्या गेटवर वाटलं, बाजारात वाटलं, कोळगावला जिल्हा मुख्यालयात निवेदनाला जोडून दिलं. दिवाळीची सुट्टी संपली आणि आई कामावर गेली, तर कंत्राटदाराच्या मुकादमाने तिला गेटवरच थांबवलं. पत्रकाची घडी त्याच्या हातात होती. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, अब आप फोटो का ही काम करो."

आई डबा घेऊन तशीच परत आली. डबा उघडला, आम्ही दोघींनी तो घरी खाल्ला. मी लगेच नवीन पत्रकाचा मजकूर सांगायला लागले, सूडबुद्धीने काढलेली कामगार वगैरे. आई म्हणाली, "नको लिवू आता." मी म्हटलं, घाबरतेस तू. ती डबा घासायला मोरीत गेली.

छापखान्यात सालवड अर्धं गेलं

संक्रांतीच्या सुमाराला मी बोईसरच्या छापखान्यात प्रूफ वाचत उभी होते. 'सालवड' हा शब्द वाचला आणि त्याचा शेवट दिसेना. सा दिसतो, ल दिसतो, पुढे काही नाही. वाटलं शाई लागली नाही. कागद हलवला तर पुढच्या शब्दाचाही शेवट गेला. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेला करवतीच्या दातांसारखं काहीतरी चमकायला लागलं आणि हळूहळू मोठं होत गेलं. डोळे मिटले तरी ते आत चालूच.

वीसेक मिनिटांनी ते गेलं आणि डाव्या डोळ्याच्या मागून दुखायला लागलं. मी दुखणं या शब्दावर बरंच लिहिलं आहे. 'असह्य' हा शब्द मी पत्रकात किती वेळा वापरला असेल. तो शब्द वापरायची माझी लायकी नव्हती, हे मला छापखान्याच्या पायरीवर बसून, बादलीत ओकताना कळलं.

आता आमच्या आळीने आणि डॉक्टरांनी मिळून माझं काय केलं ते ऐका. शेजारणीने दृष्ट काढली. तिच्यावर राग नाही, तिने निदान पाऊण तास दिला. बोईसरच्या पहिल्या डॉक्टरांनी मोबाईल कमी करा म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी विचारलं, लग्न झालंय का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग टेन्शन कसलं?" आणि नंतर स्वतःच उत्तर दिलं, "तेच टेन्शन असेल." तिसऱ्यांनी डोक्याचा स्कॅन काढायला लावला. चार दिवस मी ट्यूमर घेऊन फिरले. कोणाला बोलले नाही. आईला तर नाहीच. रात्रंदिवस एकच विचार, ही एकटी राहील, आणि तिचं काम मी घालवून बसले आहे.

रिपोर्ट घेऊन गेले. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, खाली ठेवली आणि म्हणाले, "काही नाही."

हे दोन शब्द मला डॉक्टर लोकांकडून परत घ्यायचे आहेत. ट्यूमर नाही, म्हणा. रक्तस्राव नाही, म्हणा. फिल्ममध्ये दिसत नाही असं काहीतरी आहे, म्हणा. ज्याच्या डोक्यात करवत चालते त्याला 'काही नाही' सांगता, तेव्हा तो घरी जाऊन आधी स्वतःवर आणि मग तुमच्यावर अविश्वास ठेवायला शिकतो. मी 'काही नाही' ऐकलं आणि दर आठवड्याला दुकानातून गोळ्यांची पट्टी आणायला लागले.

जागी हाय ती

होळीनंतर कोळगावला आमच्या निवेदनावर बोलायला वेळ मिळाली होती. त्या मोठ्या पांढऱ्या इमारतीसमोर दुपारचं ऊन असं परावर्तित होतं की काचेच्या आत उभं राहिल्यासारखं वाटतं. आत माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. कागद हातात होता, पण अक्षरं अर्धी. पाठ होतं तेही बोलता येईना. 'प्रदूषण' म्हणायचं होतं आणि जिभेवर दुसराच काहीतरी शब्द येत होता. जिने बोलण्यावर आयुष्य काढायचं ठरवलंय, तिची जीभ भर कचेरीत बंद पडली. तिथला शिपाई पाणी घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, उपाशी आलात का? इथे यायचं तर खाऊन यावं. नंबर लागेपर्यंत माणूस वाळतो."

तिथून मला पालघरला दुसऱ्या एका दवाखान्यात नेऊन भरती केलं. जनरल वॉर्ड, माझ्या पलंगाच्या बरोबर वर ट्यूबलाइट. ती बंद करता येत नव्हती, कारण बटण एकच आणि त्यावर सगळ्या खोलीचे दिवे. हाताला सलाईन. ट्रॉलीच्या एका चाकाला वंगण नव्हतं. ते चाक लांबून येताना ऐकू येई आणि मी दात आवळून वाट बघे. दुपारी एक सिस्टर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही, माझ्या आवळलेल्या पापण्या बघितल्या, ऑपरेशनचं हिरवं कापड चौपदरी घडी करून माझ्या डोळ्यांवर ठेवलं आणि ट्रॉलीवाल्या मावशींना चाक उचलून धरायला सांगितलं. माझ्या सगळ्या आजारपणात औषधाआधी जर कशाने बरं वाटलं असेल, तर ते त्या चौपदरी कापडाने.

संध्याकाळी राउंडचे डॉक्टर आले. आई पायथ्याशी उभी होती. डोळ्यांवर कापड, म्हणून मला फक्त ऐकू येत होतं. डॉक्टरांनी तिला विचारलं, "हिला काय होतंय?"

आई म्हणाली, "तिलाच इचारा ना, डॉक्टर. जागी हाय ती."

मग डॉक्टरांनी मला विचारलं. तेव्हा मला त्या वाक्याचं काहीच वाटलं नाही. मला वाटलं, आई बुजली, म्हणून तिने टाळलं.

हे पत्रक झालं

त्याच दवाखान्यात दर गुरुवारी मेंदूविकाराच्या एक डॉक्टरबाई येत. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठ्या असतील. वैशाखात त्यांच्यासमोर बसले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

मला आयुष्यात पहिल्यांदा असं मैदान मोकळं मिळालं होतं. मी सुरू झाले. वास, कंपन्या, सांडपाणी, निवेदनं, आईचं काम. त्या खरोखर मध्ये बोलल्या नाहीत. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "हे पत्रक झालं. चांगलं आहे. आता डोक्याचं सांगा."

मला अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. मी डोक्याचं सांगितलं. अक्षरांचं, करवतीचं, जिभेचं, आदल्या दिवशी येणाऱ्या जांभयांचं. जांभयांबद्दल मी कोणालाच बोलले नव्हते, कारण जांभई हा काय रोग आहे?

मग त्यांनी विचारलं, महिन्यातून गोळ्या किती घेता. मी म्हटलं, औषध काहीच चालू नाही. त्या म्हणाल्या, "औषध नाही विचारलं मी. दुकानातून आणलेली, मैत्रिणीने दिलेली, चहाबरोबर गिळलेली, सगळी मोजा." मी मोजायला लागले आणि मला लाज वाटायला लागली. जवळजवळ रोज होती. त्यांनी सांगितलं, या गोळ्याच रोज घेतल्या की त्याही डोकं दुखवायला लागतात. आजाराचं नाव मायग्रेन. आपले जुने लोक अर्धशिशी म्हणत. बरं होतं का, तर पूर्ण नाही, पण आटोक्यात राहतं. वासाने उठतं का, तर हो, वासाने उठू शकतं. उन्हाने, उपाशी राहण्यानेही उठतं.

"घरात आणखी कोणाला आहे?"

"आईला आहे डोकेदुखी. पण ती कंपनीच्या वासामुळे. पाच वर्षांपासून."

"हे आईने सांगितलं की तुम्ही?"

कोळगावला जीभ आजाराने बंद पडली होती. इथे ती स्वतःहून बंद झाली. फोनमधलं ते काढलेलं वाक्य मला तिथे बसल्या बसल्या शब्दाशब्दाने ऐकू आलं. आणि त्या जुन्या डॉक्टरांचा दुसरा प्रश्नही आठवला. त्यांनी आईकडे बघून विचारलं होतं, "आधीच्या काही गोळ्या चालू आहेत का?" आणि मी तिच्याकडे न बघता म्हटलं होतं, "नाही." मला माहीत नव्हतं. मी तरीही सांगितलं. त्यावर भरवसा ठेवून त्यांनी तिला आणखी कडक गोळ्या लिहून दिल्या होत्या.

होडीखाली

घरी आले. आई तांदूळ निवडत होती. मी समोर बसून विचारलं, "आई, तुझं डोकं कधीपासून दुखतं?"

"तू सांगितलंस ना सगलं," ती म्हणाली. टोमणा नव्हता. खरंच तसंच म्हणायचं होतं तिला.

मी म्हटलं, मी चुकीचं सांगितलं. तू सांग.

तिने ताट बाजूला केलं नाही. निवडता निवडता सांगत राहिली. बारा वर्षांची असताना पहिल्यांदा. बोंबील वाळत घालायचे, काठ्यांच्या ओळी, पांढरी वाळू, वर ऊन. एकदम समोरची बाई अर्धी दिसायला लागली. कमरेच्या वर आहे, खाली नाही. ती किंचाळली. बायका म्हणाल्या, पोरीला लागिर झालं. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, कोणाचं काही ऐकलं नाही. तिने तिला ओढत नेलं आणि किनाऱ्यावर उपडी घातलेल्या एका होडीखाली सरकवलं. आत काळोख, गारवा, डांबराचा वास. कपाळावर ओली वाळू थापली आणि स्वतः बाहेर बसून राहिली, कोणी आत डोकावू नये म्हणून. "तिला पन होतं," आई म्हणाली. "तिला कलत होतं ना."

म्हणजे तीन पिढ्या. आणि माझ्या पत्रकात पाच वर्षं.

गोळ्यांचं विचारलं. आधी म्हणाली, औषध काय घेत नाय मी. मग मी डॉक्टरबाईंसारखं विचारलं, आणि ती उठून फळीवरचा चहाचा जुना डबा घेऊन आली. आत पट्ट्या. कंपनीत घडीच्या टेबलावर बायका तंबाखूची चिमूट द्यावी तशा एकमेकींना गोळी देतात. शिफ्टला उभं राहताना एक, दुपारी एक, सुटताना एक, म्हणजे स्वयंपाक करता येतो. कित्येक वर्षं. काम गेलं तरी ती सवय राहिली. आणि नारळी पौर्णिमेनंतर त्यांच्या जोडीला पालघरच्या डॉक्टरांच्या कडक गोळ्या, कारण त्या तर डॉक्टरांनी दिल्या होत्या, त्या सोडायच्या कशा?

मी विचारलं, त्या दिवशी तू डॉक्टरांसमोर बोलली का नाहीस? माझ्या तोंडावर हात का नाही ठेवलास?

"तू शिकलेली," ती म्हणाली. "मला वाटलं, असं सांगायचं असंल."

बाकावर

तिला डॉक्टरबाईंकडे न्यायला मला दोन महिने लागले. ती येईना. पुन्हा काय सांगायचं, म्हणे, एकदा सांगून काम गेलं. ते खरं होतं, त्यामुळे मला वाद घालता आला नाही. आषाढात एका गुरुवारी ती आपणहून तयार झाली. तीच साडी, तीच पिन, तीच अबोली. मी एक शब्द बोलले नाही. फक्त सुंठ लागलेलं फडकं पिशवीत टाकलं, गोळ्यांचा डबा टाकला आणि निघालो.

डॉक्टरबाईंनी तिला बसायला सांगितलं आणि विचारलं, "कधीपासून दुखतं?"

आईने वळून माझ्याकडे बघितलं. "ही सांगंल," म्हणाली.

मी आजवर पोलिसांची दमदाटी ऐकली आहे, गेटवर शिव्या खाल्ल्या आहेत. त्या दोन शब्दांइतकं मला कशाने लागलं नाही. मी तिला असं करून ठेवलं होतं. स्वतःच्या डोक्याचं दुखणं सांगायलाही तिला माझी परवानगी लागत होती.

मी पिशवी टेबलावर ठेवली, म्हटलं, यात फडकं आणि डबा आहे, आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. दार लागलं. मला आतलं काही ऐकू आलं नाही. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र होतं, ते मी पाठ होईपर्यंत बघितलं. आईच्या नंतरचे दोन नंबर कुरकुरायला लागले. मी त्यांना म्हटलं, आत एक बाई चाळीस वर्षांचं सांगते आहे, थांबा थोडं.

आई बाहेर आली तेव्हा अबोलीचा गजरा तिच्या हातात होता आणि फडकं डोक्याला बांधलेलं होतं. कदाचित बांधून दाखवलं असेल. मी विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, "इचारलं ते." त्यापुढे एक अक्षर नाही. आजही नाही.

आता

आजारपणाबद्दल बरं झाल्यावर लिहायची पद्धत आहे. मी बरी आहे, म्हणजे महिन्यातले दोन-तीन दिवस जातात, पूर्वी बारा जायचे. आई बरी नाही. जुन्या गोळ्या सोडायला सांगितल्यावर पहिले तीन आठवडे तिचं डोकं असं उठलं की ती भिंतीला कपाळ लावून उभी राहायची. डॉक्टरबाईंनी आधी सांगून ठेवलं होतं, हे होणार, आणि का होणार. म्हणून ती टिकली. आधी कळलं होतं, एवढाच तो आधार. मग रक्ताचे रिपोर्ट आले. इतक्या वर्षांच्या गोळ्यांनी तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली आहे. किती, ते आणखी तपासण्यांनंतर कळेल. ज्या दिवशी मी 'नाही' म्हटलं, त्या दिवशी ती स्वतः बोलली असती तर ते कागदावर आलं असतं आणि जवळजवळ एक वर्ष वाचलं असतं. त्या एका वर्षाने किती फरक पडला, हे कोणी मला सांगू शकत नाही. मी विचारलं आहे.

दुखण्याच्या दिवशी आता मी मोरीशेजारच्या खिडकीला जाड गोधडी लावते आणि उंबऱ्यावर बसते, आत कोणी येऊ नये म्हणून. ती मला आत बोलावत नाही.

पालघरच्या त्या डॉक्टरांना मी भेटले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुम्हीच तर म्हणालात, गोळ्या चालू नाहीत. बरोबर आहे. पण डॉक्टर, स्टुलावर ती बसली होती. दुसऱ्यांदा तिलाच विचारायला तुम्हाला किती वेळ लागला असता? लग्नाला जाणार का, हे विचारण्याइतकाच.

आता तुम्ही, हे वाचणारे. तुमच्या घरात कोणीतरी डोक्याला फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून पडतं. ते कोण आहे, हे तुम्हाला आत्ता या क्षणी माहीत आहे. तिच्याबरोबर दवाखान्यात जा. ती नटली तर नटू दे. घरातल्या सगळ्या गोळ्या, दुकानातल्यासुद्धा, पिशवीत भरून न्या. डॉक्टर विचारतील, कधीपासून दुखतं. तुम्हाला उत्तर माहीत आहे असं वाटेल. ती तुमच्याकडे बघेल. तेव्हा तोंड मिटा, उठा आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसा.